दोस्त कसा पारखतात : परभणीच्या शिवारातून एक विवेचन

ज्या शेतकऱ्याकडे एकच बैल आहे, त्याला तिफण एकट्याने चालवता येत नाही. तो आपल्यासारखाच दुसरा एकबैली शेतकरी गाठतो. दोघांचे दोन बैल मिळून एक जोडी होते आणि ती आळीपाळीने दोन्ही रानांत चालते. परभणी जिल्ह्यात, किंबहुना साऱ्या मराठवाड्यात, या रिवाजाला वारंगुळा म्हणतात. त्यात पैशाची देवघेव नसते आणि लेखी तर काहीच नसते. कोणाशी दोस्ती करावी हे माणूस अनुभवातून कसे शिकतो, याचा शास्त्रीय विचार करायला इतके स्वच्छ उदाहरण सहसा सापडत नाही.

गोदाकाठची जमीन काळी आणि भारी. पाऊस पडल्या पडल्या या रानात पाय टाकायची सोय नसते, फणाला चिखल लगडतो. ऊन पडून वरचा थर जरा सुकला की वापसा येतो आणि दोन-चार दिवसांत निघूनही जातो. पेरणी साधायची ती याच दिवसांत. अडचण अशी, की दोन्ही रानांना वापसा जवळपास एकाच वेळी येतो आणि जोडी मात्र एकच असते. आधी कोणाच्या रानात शिरायचे? “तुमचं रान चढाचं, लवकर वाळतं, आधी तुमच्याकडं धरू,” असे म्हणणारा एक भेटतो. दुसरा आपले सगळे उरकून तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दमलेला बैल पाठवतो. दोघांमुळे पेरलेले क्षेत्र वर्षाअखेर सारखेच भरू शकते. तरीही पुढच्या मृगात वारंगुळा कोणाशी धरायचा, याबद्दल शेतकऱ्याच्या मनात शंका नसते.

यावरून दिसते ते असे, की माणूस दुसऱ्या माणसाविषयी दोन खाती लिहीत असतो. एक मिळकतीचे : याच्याकडून हाती काय लागले. दुसरे दानतीचे : त्याच्या हातात निवड होती तेव्हा त्याने मला कुठे धरले. व्यवहार पहिल्या खात्यावर चालतो, दोस्ती दुसऱ्यावर. दोन्ही खाती एकाच अनुभवातून भरत असल्यामुळे ती वेगळी आहेत हे सहसा ध्यानात येत नाही. पुढचे विवेचन या भेदावर उभे आहे.

अपेक्षा, मिळकत आणि दानत

शिकण्याच्या प्रक्रियेबद्दल मानसशास्त्रात जो नियम सर्वांत टिकाऊ ठरला तो रॉबर्ट रेस्कोर्ला आणि ॲलन वॅग्नर यांनी १९७२ मध्ये मांडला. नियम साधा आहे. अपेक्षेइतकेच पदरात पडले तर नवे काही शिकणे होत नाही. जास्त पडले तर त्या गोष्टीची मनातली किंमत वर सरकते, कमी पडले तर खाली येते. पुढे वोल्फ्राम शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले, की डोपामीन स्रवणाऱ्या मेंदूपेशी नेमकी ही तफावतच नोंदवतात.

हा नियम दोस्तीला जसाच्या तसा लावला तर उत्तर फार सोपे होते : ज्याच्याकडून अपेक्षेहून अधिक मिळत गेले तो मित्र. आपल्या पारावर बसणारा कोणीही शहाणा माणूस हे मान्य करणार नाही. त्याचे न मानणे बरोबर आहे, हे लिओर हॅकेल, ब्रॅडली डॉल आणि डेव्हिड अमोडियो यांच्या २०१५ सालच्या प्रयोगावरून कळते. त्यांनी लोकांना काही अनोळखी व्यक्तींशी खेळ खेळायला लावले. दर फेरीत समोरच्याकडे ठरावीक गुण असत आणि त्यातले काही तो खेळणाऱ्याला देई. कोणाकडे मुळातच जास्त गुण होते, तर कोणाकडे थोडे. त्यामुळे ‘किती दिले’ आणि ‘होते त्यातला केवढा वाटा दिला’ या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवून पाहता आल्या. खेळणाऱ्यांनी दोन्ही गोष्टी शिकून घेतल्या. पुढे मिळून सोडवायच्या कामासाठी जोडीदार निवडायची वेळ आली, तेव्हा मात्र मोठा वाटा देणाऱ्याकडे त्यांचा कल अधिक दिसला. असाच खेळ यंत्राशी खेळायला दिला तेव्हा यंत्राच्या बाबतीत हा कल तितका नव्हता.

आपल्याकडे यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, ऐपत पाहून देण्याची किंमत ठरवायची सवय जुनीच आहे. उसाच्या फडात एकाच्या फडक्यात दोन भाकरी असतात आणि त्यातली एक तो पुढे करतो. मळणीनंतर घरात पोत्यांची थप्पी लागलेला दुसरा कोणी पायलीभर ज्वारी देतो. पोट कोणाच्या देण्याने जास्त दिवस भरते ते उघड आहे, आणि जन्मभर आठवण कोणाची राहते तेही.

याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई. नामदेवांच्या घरी राबलेल्या या बाईला विठोबाने काय दिले, असे लोकपरंपरेला विचारा. धन दिले, राज्य दिले असे ती सांगत नाही. देव जात्यावर बसून दळू लागला आणि शेण्या वेचू लागला, असे सांगते. ज्याच्याजवळ सारे काही आहे त्याने काहीही दिले तरी दानत सिद्ध होत नाही, कारण त्याचे काही कमी होत नाही. त्याने आपला हात आणि आपला वेळ दिला तरच ती दिसते. कथेने देवालाही याच कसोटीला लावले आहे. बायकांनी जात्यावर बसून ही कथा शेकडो वर्षे का सांभाळली, याचे उत्तर मला तरी इथे दिसते.

मात्र मिळकतीचे खाते बंद पडते असेही नाही. तालुक्याच्या पुढाऱ्याच्या ओसरीवर निवडणुकीच्या तोंडावर जी गर्दी जमते ती पहिल्या खात्याची असते. गर्दीतल्यांना ते ठाऊक असते, पुढाऱ्यालाही असते. गोंधळ होतो तो मधल्या जागी. भरपूर ऐपतीचा माणूस सहज काही देऊन जातो, घेणाऱ्याला ते अपेक्षेहून अधिक वाटते आणि तो ते दानतीच्या खात्यात टाकतो. अशी चूक तरुणपणी जास्त होते, कारण समोरच्याची ऐपत मोजायला लागणारी माहितीच तेव्हा नसते.

यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. जिथे समोरच्याला निवड नाही तिथे दानतीच्या खात्यात काहीच लिहिता येत नाही. भाड्याचा ट्रॅक्टर एकरी दराने येतो, पेरून जातो. काम चोख होते, वारंगुळ्यातली कटकट वाचते. पण ट्रॅक्टरवाला आधी कोणाकडे गेला यावरून त्याचे मन कळत नाही, फार तर रांग कळते. बैल कमी झाले आणि वारंगुळा आटला, तेव्हा गावातले प्रेम आटले असा गळा काढणारे पुष्कळ आहेत. प्रेमाचे मला ठाऊक नाही. आटली ती माहिती. माणूस पारखायच्या वेळा कमी झाल्या.

पारखायला आधी कोणी तरी शेजारी लागतो

आतापर्यंत आपण असे धरून चाललो, की निवडायला माणसे समोर उभी आहेत. ती समोर येतात कशी, हा प्रश्न मैत्रीविषयीच्या उपदेशपर लेखनात कोणी विचारत नाही.

मॅडी सीगल यांनी अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात या प्रश्नाचा अभ्यास केला, तो १९७४ साली प्रसिद्ध झाला. तिथे खोल्या आणि बसायच्या जागा आडनावाच्या अक्षरक्रमाने दिल्या होत्या. नंतर प्रत्येकाला जवळच्या मित्रांची नावे विचारली, तर ती वर्णमालेत एकमेकांना लागून असलेली निघाली. धर्म, वय, छंद यांपेक्षा आडनावाचे पहिले अक्षर प्रभावी ठरले. आपल्याकडे हजेरीपटावर लागोपाठ नाव असलेल्या, परीक्षेला पुढे-मागे बसलेल्या आणि प्रयोगवहीसाठी एकाच तुकडीत पडलेल्या मुलांची दोस्ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

परभणीच्या कृषी विद्यापीठातली मुले याचा पुढचा टप्पा दाखवतात. राज्यभरातून मुले परभणीला येतात, कित्येक जण नाइलाजाने. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण त्यांना घरूनच पाठ करून पाठवलेली असते. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी ‘रावे’ असतो, म्हणजे ग्रामीण कार्यानुभव. गटाची यादी लागते आणि त्या यादीप्रमाणे मुले एखाद्या गावात जाऊन राहतात. दिवसा बियाण्याला बीजप्रक्रिया कशी करायची ते शेतकऱ्यांना दाखवायचे, माती परीक्षणासाठी नमुने घ्यायचे, रात्री नोंदवही भरायची. हे सगळे ठरवून दिलेले असते, त्यात कोणी चुकारपणा केला तर गुण जातात. म्हणून दिवसाच्या कामातून माणूस फारसा कळत नाही. कळतो तो भांडी घासायच्या पाळीवरून. पाळी लावलेली असते, पण ती कोणी तपासत नाही. एखाद्याचे पोट बिघडले तर त्याच्या पाळीचा कढईचा तळ कोण खरवडतो, आणि खरवडल्यानंतर चार दिवस ते बोलून दाखवतो की नाही, हे सगळ्यांच्या ध्यानात राहते.

थिओडोर न्यूकम यांनी मिशिगन विद्यापीठात सतरा अनोळखी तरुणांना एका घरात ठेवून त्यांचे हळूहळू जुळत जाणे नोंदवले. त्यांचे पुस्तक १९६१ चे आहे. सुरुवातीला खोली जवळची म्हणून ओळख वाढली. काही आठवड्यांनी गट पुन्हा जमले, आणि या वेळी ज्यांची मते व आवडी मिळत्याजुळत्या होत्या ते एकत्र आले. म्हणजे शेजार दार उघडून देतो, आत कोणाला घ्यायचे ते पुढे ठरते. पण जे दारापर्यंत आलेच नाहीत, त्यांच्याबद्दल ठरवायचा प्रसंगच येत नाही.

याला वेळ किती लागतो? जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासात साधी ओळख मैत्रीकडे झुकायला सुमारे ५० तास, मित्र म्हणवायला सुमारे ९० आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक तास असा अंदाज निघाला. आता ऊसतोडीच्या टोळीचा हिशेब करा. जिंतूर, गंगाखेड, पालमकडून दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवसाला दहा तास एकत्र धरले तरी वीस दिवसांत २०० तास भरतात, हंगामाचे महिने तर पुढे असतात. मग टोळीतला प्रत्येक जण प्रत्येकाचा जिवलग होतो का? होत नाही. हॉल यांनाही आढळले, की कामाच्या निमित्ताने एकत्र घालवावे लागलेले तास जवळिकीत फारशी भर घालत नाहीत. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची ही आगाऊ घेतलेली उचल फेडण्याची सक्ती आहे. दोस्ती ठरते ती कोपीवर परतल्यावर. मध्यरात्री गाडी आली आणि भरायला जावे लागले, तर तान्ह्या पोराकडे कोण बघते? पाण्याची खेप आणताना शेजारणीचा हंडा कोण उचलते?

टोळीचा मुकादमही माणसे पारखत असतो, आणि फार बारकाईने. कोण उचल घेऊन पळेल, कोणाचा कोयता मध्येच मोडेल, हे त्याला गेल्या हंगामांवरून माहीत असते. पण त्याचे शिकणे मिळकतीच्या खात्यातले आहे. दोन शिकणी शेजारी शेजारी चालू असतात आणि त्यांचे निकाल पुष्कळदा वेगळे येतात : मुकादमाला नको असलेला अशक्त गडी टोळीतल्या बायांना हवाहवासा असतो.

बायांचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. मैत्रीवरचे बहुतेक मराठी लेखन गृहीत धरते, की दोस्त पारखायचे शिक्षण बालपणी सुरू होते आणि ते तसेच पुढे चालते. खेड्यातल्या बाईच्या बाबतीत ते लग्नाने मधोमध तुटते. शाळेतली, पंचमीच्या झोक्यावरची मैत्रीण दुसऱ्या तालुक्यात जाते, ही तिसऱ्या. सासरी नवी यादी हातात येते : जावा, शेजारणी, पाणवठा. सारे पहिल्यापासून शिकायचे, आणि तेही निवडीला फारसा वाव नसताना, कारण कोणाशी बोलावे यावर घरच्यांची नजर असते. बचत गट पुष्कळ गावांत टिकले त्याचे श्रेय व्याजदराला देतात. दर महिन्याला घराबाहेर हक्काने बसायची जागा मिळाली आणि कोण कोणाच्या कर्जाला जामीन राहते ते उघड्यावर दिसू लागले, या गोष्टीलाही थोडे श्रेय द्यायला हवे. पुरुषांना पारावर ही सोय पिढ्यान् पिढ्या होतीच.

दुसऱ्यांशी कसा वागतो ते पाहून

सगळेच स्वतः ठेच खाऊन शिकावे लागत नाही. हितोपदेशातला ‘मित्रलाभ’ गोदावरीकाठच्या सावरीच्या झाडापासून सुरू होतो, हे या नदीच्या काठी राहणाऱ्यांनी अभिमानाने सांगायला हरकत नाही. त्या झाडावरचा लघुपतनक कावळा पारध्याच्या जाळ्यात सापडलेली कबुतरे पाहतो. ती जाळ्यासकट उडून हिरण्यक उंदराकडे जातात, उंदीर त्यांचे पाश कुरतडून देतो. कावळ्याला उंदराने काहीच दिलेले नसते. तरी त्याची दोस्ती हवी असे कावळ्याला वाटते, कारण तो दुसऱ्यांशी कसा वागला हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. उंदीर मात्र बिळाबाहेर यायला तयार होत नाही. त्याचेही चुकत नाही, कावळे उंदीर खातात. एकाने व्यक्तीचा पुरावा धरला आहे आणि दुसऱ्याने जातीचा. गोष्टीचा पेच तोच आहे, आणि बोलण्यात पुरेसा वेळ गेल्यावरच तो सुटतो.

गावात हे पाहणे सतत चालते. दवाखान्यात डबा घेऊन कोण गेले, दहाव्याला कोण थांबले, लग्नात पंगत उठल्यावर पत्रावळी कोणी उचलल्या. ऐकीव गोष्टींना यात जागा असते, पण सांगणाऱ्याचे हितसंबंध वजा करूनच त्या धरल्या जातात.

एक वाईट अनुभव एवढा जड का?

जॉन स्कोव्रॉन्स्की आणि डोनल कार्लस्टन यांनी १९८९ मध्ये याचे चांगले स्पष्टीकरण दिले. लबाड माणूसही दिवसातून दहा वेळा खरे बोलतो, त्यामुळे खरेपणाच्या दहा प्रसंगांवरून तो लबाड नाही असे ठरत नाही. पण सरळ माणूस बांध कोरत नाही. एकदा बांध कोरला की निकाल लागला. कसबाच्या बाबतीत मात्र उलटे असते. चांगला पेरणारा एखाद्या दिवशी तास वाकडे काढील, पण ज्याला पेरता येत नाही त्याचे तास नेमके सरळ येणार नाही. म्हणून कसबातल्या चुकीला माफी मिळते, दानतीतल्या चुकीला मिळत नाही. हे अडाणीपण नाही, यात तर्क आहे.

या तर्काचा तोटा पुढे दिसतो. येर्कर डेनरेल यांनी २००५ मध्ये तो नेमका मांडला. ज्याच्याबद्दल चुकून चांगले मत झाले, त्याच्याकडे आपण जात राहतो आणि मत आपोआप दुरुस्त होते. ज्याच्याबद्दल चुकून वाईट मत झाले, त्याच्याकडे आपण जाणेच सोडतो. मग ते मत दुरुस्त व्हायला नवा अनुभवच येत नाही. परिणामी आपल्या मनात चुकीची वाईट मते साठत जातात, चुकीची चांगली मते मात्र टिकत नाहीत. याला एकच उतारा असतो : संबंध तोडायची सोयच नसणे. भांडलेले भाऊबंद एका विहिरीवर पाळीने पाणी घेतात म्हणून वीस वर्षांनी का होईना बोलू लागतात. शहरात भांडलेले शेजारी घर बदलतात आणि जन्मभर एकमेकांना नालायक समजतात.

हेच समूहांना लावले की चित्र गंभीर होते. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर मराठवाड्यात गावोगावच्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. त्या काळात ज्यांचे घर जळाले त्यांनी मनात जे नोंदवले ते एका माणसाच्या नावावर नव्हे, पुऱ्या आळीच्या नावावर गेले, आणि त्यांना त्याबद्दल दोष देता येणार नाही. पलीकडच्या आळीतल्या ज्या कोणाला आपली दानत वेगळी होती हे दाखवायचे असेल, त्याला ते दाखवण्याच्या जागाच कमी झाल्या. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये सांगितले होते, की नुसता सहवास पूर्वग्रह घालवत नाही. बरोबरीचा दर्जा आणि मिळून करायचे काम त्यात हवे. म्हणूनच परभणीत तुराबुल हक साहेबांच्या उरुसात हिंदू-मुसलमान एकत्र गर्दी करतात ही गोष्ट मला आवडते, पण तेवढ्यावर दोस्त्या जुळतात असे मी म्हणणार नाही. पाळण्याच्या रांगेत शेजारी उभे राहिल्याने समोरचा माणूस आहे एवढे कळते. तो कसा माणूस आहे ते कळायला एखादे सामायिक काम आणि त्यात थोडी मोकळीक लागते.

यावर एक आक्षेप येतो : हे सगळे फार हिशेबी झाले, खरी दोस्ती हिशेब करत नाही. आक्षेपात तथ्य आहे, पण ते वेगळ्या जागी आहे. जुन्या दोस्तीत खाते लिहिणे थांबते, कारण अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांत तफावतच उरत नाही. तफावत नाही तर शिकणे नाही. वीस वर्षांचा दोस्त रात्री दोनला गाडी घेऊन आला तर आपल्याला आश्चर्य वाटत नाही. नवख्याने तेच केले तर आपण महिनाभर सांगत सुटतो.

शाळा, वसतिगृह आणि महाविद्यालयांत ज्यांच्या हाती याद्या आहेत त्यांना या विवेचनातून काही मागणे आहे. बाकांवर, खोल्यांत आणि रावेच्या गटांत मुले कोणत्या क्रमाने बसवायची हे तुम्ही ठरवता. तालुका, आळी, आडनाव बघून एकसारखी मुले एकत्र घालू नका आणि दर सत्राला जागा बदला. त्यांच्या दिवसातला एखादा तास असा ठेवा, ज्याची नोंद कुठल्याच वहीत होणार नाही.